बाहेरचा एक थेंबही नाही

भूगोलाच्या मास्तराच्या घरात दरवर्षी समुद्र शिरतो, यात काहीतरी विनोद आहे असं आमच्या शाळेत सगळ्यांना वाटतं. 'सरांचा विषय आता त्यांच्या घरापर्यंत पोचलाय,' असं मुख्याध्यापक एकदा भर स्टाफरूममध्ये म्हणाले. मी हसलो. न हसून करणार काय, त्या दिवशी माझ्या पायात शाळेच्या क्रीडाविभागातले बूट होते आणि माझे स्वतःचे घरात पलंगाखालून मोरीकडे तरंगत निघाले होते.

आमची इमारत समुद्रासमोरच्या रस्त्यावर आहे. घर घेतलं तेव्हा मध्ये दगडी कठडा होता, त्यापुढे फिरायला येणाऱ्यांसाठी बाक होते, त्यापुढे वाळू होती. समुद्राने आधी वाळू नेली, मग बाक नेले, आणि कठडा तो अजून सवडीने खातोय. आता त्याच्या आणि आमच्या मध्ये फक्त रस्ता उरलाय, आणि तो रस्ता कुणी बांधलाय ते आम्हाला माहीत असल्यामुळे त्याच्यावर आमची फारशी भिस्त नाही. मोठी भरती आणि वादळ एका दिवशी आलं की पाणी रस्ता ओलांडतं, फाटकातून आत येतं आणि थेट आमच्या उंबऱ्याशी उभं राहतं. आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्याकडे पूर समोरून येतो आणि सल्ला वरून येतो.

वरून म्हणजे मुख्यतः तिसऱ्या मजल्यावरून. तिथे एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांनी उभं आयुष्य रस्ते बांधण्यात घालवलं, त्यामुळे चुकतं कुठे हे त्यांना अगदी बारकाईने माहीत असतं. मी घरातून बादल्या उपसत असलो की ते गॅलरीत चहाचा कप घेऊन येतात आणि मी कोणत्या पायावर जास्त वाकतोय ते सांगतात. गेल्या वर्षी ते म्हणाले, सर, तुम्ही मुलांना भरती-ओहोटी शिकवता ना, मग ओहोटीची वाट का नाही बघत? तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो, आणि आमचं काम कधी पडत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही उद्योग केला नसता. पण आमच्या पुढच्या खोलीत बायकोचा शिवणाचा क्लास आहे. हाताने फिरवायची पाच मशिनं, बुटक्या टेबलांवर ओळीने मांडलेली, आणि दुपारी शिकायला येणाऱ्या सात-आठ बायका. गेल्या पुरात त्यातली दोन मशिनं गंजून गेली आणि हातातली एक ऑर्डर बुडाली. दोन मशिनं परत उभी करायला तिला वर्ष लागलं. यंदा तिला इस्पितळाचे शंभर पांढरे कोट शिवायला मिळाले होते, सोमवारी द्यायचे होते. कापड घरात आलं त्या संध्याकाळी, माप सांगावं तसं सरळ आवाजात तिने मला सांगितलं, "अहो, या खेपेला पाणी आत आलं तर मी क्लास बंद करणार. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची ताकद नाही आता."

मी म्हणालो, एक थेंब येऊ देणार नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. त्या मशिनांची खडखड ऐकत मी बारा वर्षं वह्या तपासल्या आहेत. ती बंद पडली तर घरात बोलणारा मी एकटाच उरेन, आणि मला मी फार वेळ ऐकवत नाही.

आता शिक्षकाला सरकार कशाकशाचं प्रशिक्षण देतं हे ज्याचं त्याला ठाऊक. आपत्ती व्यवस्थापनाच्या अशाच एका प्रशिक्षणात, जेवणानंतरच्या तासाला, सगळे शिक्षक डुलक्या घेत असताना एका अधिकाऱ्याने प्रवासाला न्यावी तेवढी एक पिशवी उघडली. आतून घड्या घातलेलं रबरी कापड निघालं. ते जमिनीवर पसरलं तर लांबच लांब नळी. तिला त्यांनी नळाचा पाइप जोडला, आणि बघता बघता ती फुगून गुडघ्याएवढी उंच झाली. रिकामी असताना एका माणसाला उचलता येते, भरली की दहा जणांना हलत नाही. आतून एक पडदा शिवलेला असतो, त्यामुळे लोळत नाही. हवी तशी वळते. वाळूची पोती नकोत, गवंडी नको. पाण्याला पाण्यानेच अडवायचं. मला जाग आली. एवढी जाग मला प्रशिक्षणात पूर्वी कधी आली नव्हती.

अशी एक नळी नगरपालिकेने प्रायोगिक तत्त्वावर कुणाला तरी द्यायची ठरवली होती, आणि ती मिळवायला मी अर्ज केला. पहिल्याच टेबलाशी माशी शिंकली. किनारा खचणं हा एक विभाग आणि पूर हा दुसरा. ही वस्तू दोन्हींवर चालत असल्यामुळे ती कुणाच्याच अखत्यारीत नव्हती. कारकुनाने मला विचारलं की तुमच्या घरात येतो तो समुद्र आहे की पूर? मी म्हणालो, रस्त्यापर्यंत समुद्र असतो, फाटकातून आत आला की पूर होतो. त्याला हे उत्तर आवडलं आणि त्याने दोन वेगळे अर्ज करायला सांगितले. मग गेल्या वर्षी पूर आल्याचा पुरावा मागितला. माझ्याकडे फोटो होता, पण तो कपाटाच्या खालच्या खणात होता आणि पुरात भिजला होता. साहेब म्हणाले, ओली कागदपत्रं आम्ही घेत नाही. शेवटी आमच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे तिच्याशेजारी पट्टी धरून मी उभा राहिलो आणि नवा फोटो काढून दिला. अशा चार खेपांनंतर बुधवारी पिशवी घरी आली. मी ती खांद्यावरून फाटकातून आत आणली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली की सर, कुठे प्रवासाला?

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा बोलावली. माझी योजना साधी होती. फाटकाच्या डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत सरळ रेषेत नळी टाकायची, चाळीस पावलं. बाकीची नळी घडी घालून ठेवायची. मी फळ्यावर आकृती काढली. शाळेतून फळा आणला होता.

आणि इथेच लवचीक वस्तूचा खरा तोटा माझ्या लक्षात आला. सिमेंटची भिंत असती तर कुणी काही बोललं नसतं, कारण भिंत वळत नाही. नळी वळते म्हटल्यावर ती आपल्यासाठी का वळू नये, हा प्रश्न प्रत्येकाला पडला. आमच्या समोरच्या दाराचे होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणाले, माझ्या दवाखान्याची पायरी बाहेर राहतेय, तेवढी आत घ्या. पायरी आत घेतली. मग दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्यांच्या स्कूटरची शेड आत घ्यायला लावली. वॉचमनची खोली बाहेर ठेवणं माणुसकीला धरून नव्हतं. चेअरमनबाईंना कुंड्या आत हव्या होत्या. एकाने तर मागच्या बाजूने चोर येतात म्हणून नळी मागूनही फिरवा असं सुचवलं. नळी आणि चोर यांचा संबंध मी विचारला, तर तो म्हणाला, लांबी शिल्लक आहे ना, मग तुमचं काय जातं?

नाही म्हणणं मला जमत नाही. वर्गात जमतं, सभेत जमत नाही. तासाभरात माझी सरळ रेषा फळ्यावर इमारतीभोवती गोल फिरून स्वतःला येऊन मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा सगळ्यांना एवढं समाधान वाटलं की कुणीतरी टाळी वाजवली. एकमताने पास झालेला तो आमच्या सोसायटीचा पहिला ठराव.

फक्त मागच्या खुर्चीवरून तिसऱ्या मजल्याचे इंजिनियर उठले. "सर, आतलं पाणी कुठून जाणार?"

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी दोन मिनिटं थांबलो असतो. नळीसोबत आलेल्या पत्रकात नववा मुद्दा त्याबद्दलच होता, आणि तो मी वाचलाही होता. पण गॅलरीतला तो चहाचा कप माझ्या डोळ्यांपुढे आला. मी खडू खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आत पाणी येणारच नाही साहेब, तर ते जाईल कुठून?"

सभा खो खो हसली. इंजिनियर खाली बसले. बारा वर्षांत मी त्यांच्यावर मिळवलेला तो पहिला विजय होता, आणि त्या रात्री मला फार गाढ झोप लागली. बायको जागी होती हे नंतर लक्षात आलं.

गुरुवारी वादळाचा इशारा आला. शनिवारी दुपारी मोठी भरती, सोबत पाऊस. शुक्रवारी मी रजा टाकली आणि नळी भरायला पाइप जोडणार, तेवढ्यात चेअरमनबाईंनी आठवण करून दिली की नगरपालिकेचं पाणी पिण्याव्यतिरिक्त वापरायचं तर परवानगी लागते, नाहीतर सोसायटीला नोटीस येईल. गेलो पाणी खात्यात. तिथल्या साहेबांनी विचारलं, किती पाणी खर्च होणार? मी म्हणालो, खर्च होणारच नाही, ते नळीत बसून राहणार आणि वादळ गेलं की सोडून देणार. म्हणजे परत करणार? हो, एका अर्थी. त्यांनी ड्रॉवर उघडला, बंद केला. पाणी परत घेण्याचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता. तो कुणी कधी मागितला नव्हता. मग मोठ्या साहेबांकडे, तिथून तपासणीवाल्याकडे, तिथून परत. दुपारी तीन वाजता मी बाकावर बसून माझ्याच हाताने तो फॉर्म तयार करत होतो, रकाने आखून, कारण पट्टी माझ्याकडे होती. ऑफिस बंद व्हायच्या सुमारास सही मिळाली. खाली शेरा होता: सदर पाणी ज्या स्थितीत घेतले त्याच स्थितीत परत करावे.

घरी आलो तो थकून. बायकोने चहा दिला. ती जास्तच गप्प आणि जास्तच प्रेमाने वागत होती, पण मला वाटलं नवऱ्याच्या कष्टांचं चीज होतंय. पुढच्या खोलीत पाचही मशिनं आवरणं घालून ओळीने उभी होती. मी म्हणालो, उद्या बघच. ती म्हणाली, बघते ना.

अंधार पडायच्या आत आम्ही नळी भरली. खरंच सांगतो, दृश्य बघण्यासारखं होतं. इमारतीला गुडघाभर उंचीचा गुबगुबीत, काळा कठडा. शनिवारी सकाळी रिमझिम सुरू झाली तरी लोक छत्र्या घेऊन त्याच्यावर बसायला आले. डॉक्टरांनी त्यावर आडवं होऊन कंबर शेकल्यासारखा आराम केला आणि पेशंटांना हे लिहून देता येईल का याचा विचार करू लागले. उरलेली हातभर नळी मी टोकावर टोक चढवून घट्ट दाबून बसवली, मुंगी शिरायला फट ठेवली नाही.

अकराला पाऊस वाढला. साडेबाराला समुद्र आला.

तो रस्त्यावरून नेहमीसारखा आला, फाटकातून नेहमीसारखा शिरला आणि नळीला येऊन थडकला. थांबला. जरा मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. नळी जागची हलली नाही. सगळ्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मी उंबऱ्यावर उभा होतो, छाती पुढे काढून, आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकडे शिक्षक मुलाकडे बघतो तसं बघत होतो. बायकोला मी म्हणालो, तू वर जाऊन बस, इथे मी आहे. ती लगेच गेली. माझं ऐकून ती लगेच कुठे गेल्याचं हे पहिलंच उदाहरण, पण त्या क्षणी मी इतिहासात नव्हतो, भूगोलात होतो.

"सर," समोरच्या दारातून डॉक्टर म्हणाले, "माझी चप्पल पाहिलीत का?"

चप्पल पाहिली. ती अंगणातून आमच्या दिशेने येत होती. मी नळीकडे बघितलं. नळी जशीच्या तशी होती, बाहेरचा एक थेंबही आत आलेला नव्हता. आतलं पाणी आमचं स्वतःचं होतं. गच्चीवरच्या चार पाइपांतून पावसाचं पाणी धबधबा अंगणात पडत होतं, आणि एरवी जे फाटकातून रस्त्यावर निघून जायचं ते आता आमच्या ठरावात अडकलं होतं. त्यात काल नळी भरून झाल्यावर टाकीचा पंप कुणी बंद केला नव्हता, त्यामुळे टाकीही वरून आपला वाटा टाकत होती. वॉचमनने काठी बुडवून मला दाखवलं की बाहेरच्यापेक्षा आत चार बोटं जास्त आहे.

मग जे व्हायचं ते झालं. एकजण म्हणाला टोकं सोडा, दुसरा म्हणाला सोडली तर समुद्र आत येईल. एकाने नळीला भोक पाडायचा सल्ला दिला, तर चेअरमनबाईंनी विचारलं की पाणी ज्या स्थितीत घेतलं त्या स्थितीत परत कसं करणार? दहा मिनिटं चर्चा झाली. चर्चा संपेपर्यंत पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. अखेर अख्खी इमारत बादल्या घेऊन खाली उतरली आणि आम्ही रांगेने उभं राहून नळीवरून समुद्रात पाणी फेकू लागलो. पुरात सापडलेली माणसं घरातून पाणी काढतात हे मी पाहिलंय. समुद्राला पाणी पुरवणारी सोसायटी जगात आमची एकच असावी. त्यात सगळे होते, फक्त तिसऱ्या मजल्याचे इंजिनियर नव्हते. गॅलरीतही नव्हते. मला ते टोचलं. बोलायची एवढी संधी माणूस सोडतो म्हणजे मनातून किती हसत असेल, असं वाटलं.

मी अर्ध्यातच रांग सोडून घराकडे धावलो. दाराला फळी लावली, फळीला चादरी कोंबल्या, चादरींना पाठ लावून उभा राहिलो. पाणी फळीखालून, बाजूने, आणि एका खिळ्याच्या भोकातून आलं. आधी पायाच्या बोटांना लागलं, मग घोट्यांना, मग बुटक्या टेबलांच्या कडेला. मी तसाच उभा होतो. बाहेर भरती उतरली, कुणीतरी टोकं सोडली, अंगणातलं पाणी एका दमात रस्त्यावर गेलं आणि आमच्या घरातलं मागे राहिलं.

आवरणं चार बोटं भिजली होती, कडेने पाणी ठिबकत होतं. म्हणजे मशिनांच्या पोटात पाणी गेलंच असणार. मला ती उचलून बघवेना. एक थेंब येऊ देणार नाही म्हणणारा मी, आणि तिला आता वर जाऊन काय सांगू? मला रडू आलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मग नाक पुसून पहिलं आवरण उचललं. खाली आमचा कुकर होता.

मी त्याचं झाकण उघडून आत पाहिलं. दुसऱ्या आवरणाखाली पालथं पातेलं, त्यावर डबा. तिसऱ्याखाली माझी शाळेची बॅग, जी मी सकाळपासून शोधत होतो. चौथ्याखाली पुन्हा पातेलं, पाचव्याखाली शाळेतून आणलेला पृथ्वीचा गोल. कपाटात वरच्या फळीवर पांढऱ्या कोटांचे गठ्ठे होते ते मी ओढून काढले. उशा होत्या, कोटांच्या कापडात गुंडाळलेल्या.

आणि पावसाचा जोर कमी झाला तशी मला वरून खडखड ऐकू आली. पाच मशिनांची. बारा वर्षं ऐकतोय, चुकणार नाही. तिसऱ्या मजल्यावरून येत होती. शुक्रवारी मी पाणी परत करायचा फॉर्म आखत बसलो होतो, तेव्हा क्लासच्या सगळ्या बायकांनी मशिनं उचलून वर नेली असणार. आणि मागे आवरणं ठेवली, आत कुकर भरून, मला वाईट वाटू नये म्हणून.

आधी राग आला, नाही असं नाही. मग मी उचललेली आवरणं होती तशी पुन्हा घातली, कडा सारख्या केल्या आणि जिना चढू लागलो. माझी पावलं वाजली तशी वरची खडखड एकदम थांबली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. बायको बाहेर आली आणि दार पाठीमागे ओढून उभी राहिली. तिच्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे होते. तिने माझ्या कमरेपर्यंत भिजलेल्या कपड्यांकडे बघितलं.

"आत आलं का हो?"

"आलं थोडं. पण मशिनं कोरडी आहेत. पाचही."

तिने खांद्यावरचे दोरे झटकले. मी ते न पाहिल्यासारखं केलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली, "तुम्ही खाली असताना काही होणार नाही."

तेवढ्यात तिच्यामागून इंजिनियरांनी डोकं बाहेर काढलं. बनियनवर दोरेच दोरे, चष्मा कपाळावर, आणि एका हाताच्या बोटात बायकोचं शिवणाचं टोपण, जे लपवायला त्यांनी हात घाईने पाठीमागे नेला. आता हा माणूस सभेतलं ते आतल्या पाण्याचं वाक्य बोलणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहिलो.

"सर," ते म्हणाले, "बांध मात्र टिकला हो तुमचा."

मी मान डोलावली. बायकोला म्हणालो, तू बस निवांत, मला खाली बरंच पुसायचंय, संध्याकाळपर्यंत वर यायला जमणार नाही. आणि मी वळलो. पहिल्या दहा-बारा पायऱ्या उतरेपर्यंत वर शांतता होती. माझ्या लक्षात आलं की दाराआड सगळ्या जणी हातात हँडल धरून माझी पावलं ऐकत थांबल्या असतील, आणि सोमवारला फार वेळ उरलेला नाही. मग मी पाय चांगले आपटत, खोकत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा तळमजल्यापर्यंत गेलो.